घडणीवरून ओळख : खोल समुद्रातील कोळंबीचे नामकरण

पेण तालुक्यातील जोहे हे गाव गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे रंग न चढलेल्या मूर्तींच्या रांगेतही सोंडेचे वळण, हातांची ठेवण आणि बैठक पाहून जाणकार मूर्तीचा प्रकार सांगतो. याच तालुक्याच्या बाजारात कोळंबी आणि जवळा येतो. तेथील नावे मात्र बव्हंशी आकारावरून व उपयोगावरून पडलेली. सोलून वाळवली की तीच कोळंबी ‘सोडे’ होते. रंग आणि आकार बाजूला ठेवून केवळ घडणीवरून कोळंबी ओळखण्याच्या शास्त्राचा एक धागा आपल्याच किनाऱ्यावरून निघतो, म्हणून त्याची ही थोडक्यात नोंद.

1881 साली मुंबईच्या गोदीत ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे सर्वेक्षण-जहाज बांधले गेले. 1888 ते 1892 या काळात आल्फ्रेड अल्कॉक हे त्यावर वैद्य आणि निसर्गशास्त्रज्ञ होते. खोल पाण्यातून वर आलेली लालभडक कोळंबी मद्यार्कात ठेवली की फिकी पडे. उरे ती घडण. तिच्याच आधारे अल्कॉक यांनी 1901 मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील खोल समुद्रातील कवचधारींची वर्णनात्मक सूची सिद्ध केली.

ही लक्षणे कोणती? पिनिइड गटात पोटाच्या खंडांच्या बाजूच्या पाळ्या कौलांसारख्या एकीवर एक, मागे मागे चढत जातात; पायांच्या पहिल्या तिन्ही जोड्यांना चिमटे असतात; अंडी पाण्यात सोडली जातात. कॅरिडियन गटात दुसऱ्या खंडाची पाळ पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पाळ्यांवर चढते, तिसऱ्या जोडीला चिमटा नसतो आणि मादी अंडी पोटाखाली वागवते. ‘हेटेरोकार्पस वुडमेसनी’ ही अल्कॉक यांनी नाव दिलेली जाती या दुसऱ्या गटातली. तिच्या पोटाच्या तिसऱ्या खंडावरील उभा काटा ही तिची खूण.

या कसोटीने पाहिले की आकाराचा भ्रम फिटतो. जवळा हे कोळंबीचे पिल्लू नव्हे. तो पूर्ण वाढलेला स्वतंत्र जीव आहे. त्याला पायांच्या शेवटच्या दोन जोड्याच नसतात. तरीही कल्ल्यांच्या फांद्यांसारख्या रचनेमुळे तो पिनिइड कोळंबीचाच जवळचा आप्त ठरतो. दिसायला कोळंबीसारखीच असलेली हेटेरोकार्पस मात्र दूरची.

नावांचा इतिहासही बोलका आहे. ‘वुडमेसनी’ हे कलकत्त्याच्या संग्रहालयातील वुड-मेसन यांचे स्मरण. 1938 मध्ये रमदान यांनी ‘अरिस्टिअस अल्कॉकी’ म्हणून अल्कॉक यांचे स्मरण केले. 1945 मध्ये नटराज यांनी ‘सोलेनोसेरा चोप्राई’ असे नाव दिले, तेव्हा त्या यादीत एक भारतीय आडनाव आले. जहाज मुंबईत घडले, परंतु या जातींना रूढ मराठी नाव नाही. त्याचे कारण उपेक्षेपेक्षा भूगोलात अधिक आहे. मुंबईसमोरचा उथळ समुद्रमंच सुमारे 300 किलोमीटर रुंद. त्यापलीकडच्या खोलीत आपल्या कोळ्यांचे जाळे परंपरेने गेलेच नाही.

जेथवर जाळे, तेथवर शब्द. आपल्या भाषेची समृद्धी मोजताना आपण शब्दांची संख्या सांगतो. त्या शब्दांमागचा हात कोठवर पोहोचला होता, हे क्वचितच विचारतो. परिभाषा घडवणाऱ्यांनी जोह्याच्या कारागिराप्रमाणे आधी घडण पाहावी. नाव मागाहून येईल, आणि टिकेल, असे आम्हांस वाटते.