दहा राग, एक डिस्को ठेका

मागच्या भागानंतर आपल्या सोलापूरच्याच एका श्रोत्याचा मेसेज आला, ‘हेवी आणि प्रयोगशील म्हटलं की नॉर्वे नाहीतर अमेरिका. आपल्याकडं काहीच नाही का?’ प्रश्न झोंबला. म्हणून आज फक्त मुंबईचे अल्बम.

पहिला १९८२चा. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक. तेव्हा सगळीकडं डिस्को. ‘कुर्बानी’ येऊन दोन वर्षं झाली होती. सिंगांकडं रोलँड कंपनीची तीन यंत्रं होती: टीआर-८०८ ठेक्याला, टीबी-३०३ बेसला आणि ज्युपिटर-८ हा कीबोर्ड. त्यावर त्यांनी भैरवी, ललित, तोडी, मालकंस असे दहा राग वाजवले. एचएमव्हीनं रेकॉर्ड काढली. ती काही चालली नाही.

आता गंमत बघा. ३०३ हे यंत्र खरं तर बेस वाजवणारा माणूस नसेल तर सराव अडू नये म्हणून बनवलेलं. तेही बाजारात पडलं. पुढं शिकागोच्या पोरांनी सेकंडहँड घेऊन त्याची बटणं पिळली, आणि १९८७ला फ्यूचरचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं. अ‍ॅसिड हाउस जन्मलं ते तिथं, असं जग मानतं. सिंगांची रेकॉर्ड पाच वर्षं आधीची! पण शिकागोनं त्यांचं ऐकून केलं, असं काही नाही हं. फॉरवर्डमध्ये तसं आलं तर पुढं ढकलू नका. माझ्या मते खरं कारण साधं आहे. रागात कॉर्ड बदलत नाहीत, सा कायम असतो. त्यामुळं तोच तोच बेस तासभर फिरला तरी खटकत नाही. शिवाय ३०३ एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातं, ते कानाला मींडेसारखं लागतं.

एडो बाउमन या डच संग्राहकाला ही रेकॉर्ड २००२ला दिल्लीत सापडली. २०१०मध्ये त्यानं ती पुन्हा काढली. मग म्हातारपणी सिंग युरोपात जाऊन हे वाजवून आले. २०१५ला मुंबईत गेले. कौतुक झालं, पण तेही बाहेरून आल्यावर. हे मला अजून खुपतं.

बाकीचे पटकन सांगतो. अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचा ‘ऑब्सेशन ७७’, सत्तरच्या दशकातलं मुंबईचं सायकेडेलिक रॉक. भयानक मौतचा ‘मॅन’, २०१४. नावावर जाऊ नका, वाजवणं फार शिस्तीचं आहे. डेमॉनिक रिझरेक्शनचा ‘दशावतार’, २०१७, मत्स्यापासून एकेका अवतारावर एकेक गाणं. घरी लावला तर आजी आधी विषय विचारेल, मग आवाज कमी करायला सांगेल.

सिंगांचा अल्बम फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, बेस गायबच होतो. हेडफोन घाला अन् आधी भैरवी लावा. मी पहिल्यांदा ऐकला तो सोलापूर-पुणे एसटीत, आणि मला आमच्या मिरवणुकीतला लेझीमचा ठेका आठवत राहिला.

आमच्या मामांकडं एचएमव्हीच्या पेटीभर रेकॉर्ड्स होत्या. घर बदलताना किलोवर भंगारात दिल्या. त्यात ही होती का, मी दोनदा विचारलंय. मामा म्हणतात, ‘असंल की रे, काय म्हाईत.’