मैला उपसा पंप (घरगुती)

घरातील शौचालय सेप्टिक टाकीच्या किंवा मलवाहिनीच्या पातळीपेक्षा खाली असेल, तर मैला व सांडपाणी वर चढवण्यासाठी जो विजेचा पंप बसवतात त्यास मैला उपसा पंप म्हणतात. सपाट गावात त्याची गरज क्वचितच पडते. रत्नागिरीसारख्या चढउताराच्या शहरात रस्त्याखालच्या उतारावर बांधलेल्या घरांना मात्र तो लागू शकतो.

रचना

शौचालयातील मैला प्रथम एका लहान बंद खड्ड्यात साठतो. पाण्याची पातळी वाढली की तरंगणारा फुगा वर येऊन पंप सुरू करतो, पातळी उतरली की बंद करतो. उपसलेले पाणी परत खाली येऊ नये म्हणून नळीत एकाच दिशेने उघडणारी झडप असते.

तुंबण्याची कारणे

पंप बहुधा झिजून बंद पडत नाही. त्यात जे जाऊ नये ते गेल्यामुळे पडतो. सॅनिटरी पॅड, ओले पुसणी-कागद, चिंध्या, केस, प्लास्टिक, तसेच भांडी घासण्याचा काथ्या ही नेहमीची कारणे होत. हे पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत, पात्यांभोवती गुंडाळले जातात. रत्नागिरीत वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खड्ड्याचे झाकण किंवा सांधे गळके असतील तर पावसाचे पाणी आत येऊन पंप अखंड चालत राहतो व तापतो.

दुरुस्ती

सर्वप्रथम शौचालयाचा वापर थांबवून पंपाचा वीजपुरवठा मुख्य बटणापासून बंद करावा. फुगा कशात अडकला असल्यास तो लांब काठीने मोकळा करावा. पंप मात्र साखळीने वर ओढून काढावा, त्यासाठी कोणी खड्ड्यात उतरू नये. बाहेर काढल्यावर हातमोजे घालून पाती व झडप साफ करावी. ॲसिड ओतणे टाळावे, कारण त्याने रबरी सांधे खराब होऊ शकतात व ते ब्लीचिंग पावडरीत मिसळल्यास क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

धोका

मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू निर्माण होतात. पहिल्यास कुजक्या अंड्यासारखा वास येतो, परंतु त्याचे प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते. म्हणून वास नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. मिथेन पेट घेतो, तेव्हा आत पेटती काडी धरून पाहू नये. बेशुद्ध पडलेल्यास वाचवण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही दगावतो, अशा घटना वारंवार घडतात. बचावाचे काम अग्निशमन दलाकडे सोपवावे.

कायदा व पूर्वपीठिका

मैला साफ करण्याचे काम जातीवर लादले गेले, याविरुद्धचा एक लढा रत्नागिरीतच झाला. तेथील तुरुंगात असलेल्या अप्पासाहेब पटवर्धन यांनी सफाईचे काम स्वतःस मिळावे अशी मागणी केली. ती नाकारली गेल्यावर त्यांनी उपोषण आरंभले व डिसेंबर १९३२ मध्ये येरवडा तुरुंगातून महात्मा गांधींनीही त्यांना उपोषणाने पाठिंबा दिला. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्यापासून खत करण्याचे प्रयोग केले.

२०१३ च्या केंद्रीय कायद्यानुसार सुरक्षासाधनांवाचून कोणासही सेप्टिक टाकी साफ करण्यास लावणे गुन्हा आहे. हा नियम खाजगी घरमालकासही लागू होतो. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा कामात मृत्यू आल्यास देण्याची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली.