गर्भाशयाचा रक्तपुरवठा व वायुप्रदूषण

गरोदर स्त्रीच्या श्वासावाटे शरीरात जाणारे सूक्ष्म कण व वायू यांचा गर्भाशय आणि वार (अपरा) यांच्या रक्ताभिसरणावर होणारा परिणाम.

गर्भाशयाला मुख्यतः दोन गर्भाशय-धमन्यांतून रक्त मिळते. एरवी मिनिटाला सुमारे ५० मिलि. असलेला हा प्रवाह दिवस भरत येतात तेव्हा ५०० ते ७५० मिलि.पर्यंत जातो. त्यासाठी वारेच्या पेशी गर्भाशयाच्या अस्तराला रक्त पुरवणाऱ्या सर्पिल धमन्यांच्या भिंतीत शिरतात, तेथील स्नायूंचा थर झिजतो आणि आकुंचन पावणाऱ्या बारीक नळ्या रुंद व सैल होतात. हे काम बव्हंशी विसाव्या आठवड्यापर्यंत उरकते. म्हणून या काळातला धूर सर्वांत काळजीचा.

कणांमुळे फुप्फुसात दाह होतो, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील नायट्रिक ऑक्साइड घटते व धमन्या ताठर राहतात, असे मानले जाते. कार्बन मोनॉक्साइडची गोष्ट वेगळी : प्रवाह तेवढाच राहिला तरी रक्तातला ऑक्सिजन कमी होतो.

डॉप्लर तपासणी : ही ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह मोजण्याची पद्धत. स्ट्यूअर्ट कॅम्पबेल व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये गर्भाशयाच्या धमन्यांसाठी ती वापरली. धमनी सैल असेल तर दोन ठोक्यांमध्येही रक्त वाहत राहते व स्पंदन निर्देशांक कमी येतो; अरुंद असेल तर तो चढा राहतो आणि आलेखात खाच दिसते. सुरुवातीच्या महिन्यांत खाच सर्रास आढळते. चोविसाव्या आठवड्यानंतरही ती टिकली, तर रक्तदाब व गर्भाची वाढ यांवर बारीक लक्ष ठेवावे लागते. सुई नाही, वेदना नाही; धुराच्या वस्तीतल्या बाईला ही तपासणी मिळायलाच हवी.

पुरावा : साओ पाउलोच्या हवेत वाढवलेल्या उंदरिणींच्या वारेतील मातृरक्ताच्या पोकळ्या आक्रसलेल्या आढळल्या (२००८). रॉटरडॅमच्या ‘जनरेशन आर’ अभ्यासात (२०१२) वारेचे वजन घटलेले दिसले. धमन्यांच्या रोधाशी मात्र सुसंगत संबंध मिळाला नाही. बेल्जियममध्ये २०१९ साली वारेच्या गर्भाकडील बाजूसही काजळीचे कण सापडले.

चुलीचा धूर : तमिळनाडू, ग्वातेमाला, पेरू व रवांडा येथील चाचणीत सुमारे ३,२०० गरोदर स्त्रियांपैकी निम्म्यांना स्वयंपाकाचा गॅस दिला गेला. धूर बराच घटला, जन्मवजनात ठळक फरक पडला नाही (२०२२). नोंदणी ९ ते २० आठवड्यांत झाली होती; धमन्या रुंद होण्याचे काम तेव्हा अनेकींत बरेच पुढे गेलेले असते, हे विसरू नये.

मर्यादा : पीएम २.५ (२.५ मायक्रोमीटरपर्यंतचे सूक्ष्म कण) साठी वार्षिक सरासरी, दर घनमीटरला : भारतात ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ५ (२०२१).

उपचार : स्वतंत्र उपचार नाही.

(पहा : अपरा, गर्भारपण, चूल)