धमनी, सुई आणि धरमतरची लाँच

शिवकाळात पेणजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत वाघोजी तुपे यांना २७ जखमा झाल्याचे इतिहासात सांगितले जाते. वाचणारा त्या आकड्यापाशीच थबकतो. शल्यचिकित्सक मात्र आधी विचारील, घाव कुठे बसले? दंडाच्या आतल्या अंगाची किंवा जांघेतली धमनी तुटली, तर एकच वार पुरतो.

आपल्याकडे हे ज्ञान जुने आहे. सुश्रुताने १०७ मर्मे मोजली, त्यांतली ४१ शिरांची. वाहते रक्त थांबवायला त्याने चार उपाय दिले: तुरट द्रव्यांनी संधान, गारव्याने स्कंदन, राखेने पाचन आणि काहीच चालेना तर दहन, म्हणजे डाग. युरोपात आंब्रुआझ पारेने सोळाव्या शतकात, हातपाय कापताना डाग देण्याऐवजी रक्तवाहिनी दोऱ्याने बांधायला सुरुवात केली. या साऱ्यांत जीव वाचे. अवयवाची हमी कोणी देत नसे, कारण बांधलेल्या धमनीपुढे रक्त जाणार कसे?

तुटलेली नळी पुन्हा जोडावी, हा विचार बराच उशिरा रुजला. इंग्लंडमध्ये हॅलोवेलने १७५९ साली दंडातल्या धमनीची चीर टाचणी घालून, तिच्याभोवती दोरा गुंडाळून मिटवली. पुढे शतकभर ती वाट जवळजवळ ओस पडली. १८९६ साली शिकागोच्या मर्फीने मांडीतल्या धमनीची दोन टोके एकमेकांना शिवली. मग आला फ्रान्सचा अलेक्सी कॅरेल. लियाँमधल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईकडून त्याने बारीक सुईचे धडे घेतले, असे सांगतात. १९०२ साली त्याने आपली पद्धत मांडली आणि १९१२ साली त्याला नोबेल मिळाले.

तरीही रणांगणावर बांधणेच चालू राहिले. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या २,४७१ धमनी-जखमांचा हिशेब डीबेकी आणि सिमोन यांनी १९४६ साली मांडला. धमनी शिवली गेली ती फक्त ८१ जणांची. ज्यांची बांधली, त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा अवयव कापावा लागला. दोष केवळ हातांचा नव्हता. जखमी शल्यगृहात पोहोचेपर्यंत सरासरी दहा तासांहून जास्त वेळ जात होता. कोरियाच्या युद्धात हेलिकॉप्टर आले, शिवण्याचा आग्रह धरला गेला आणि अवयव कापण्याचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर उतरले.

निदानाची पद्धत आजही बरीचशी हातांचीच आहे. उसळत येणारे रक्त, वाढत जाणारी गाठ, जखमेखाली न लागणारी नाडी, थंड फिकट पाय: यांतले काही दिसले तर तपासण्यांत वेळ न घालवता शस्त्रक्रियाच. शंका उरली तर घोट्याजवळचा रक्तदाब दंडाच्या दाबाशी ताडून पाहतात; गुणोत्तर ०.९ च्या खाली गेले की सीटी अँजिओग्राफी. धमनीचा तुकडाच गेला असेल तर दुसऱ्या पायाची शीर काढून उलटी बसवतात, कारण तिच्यातल्या झडपा रक्ताला एकाच दिशेने वाट देतात. पोटरीचे स्नायू सुजून आवळले जाऊ नयेत म्हणून वरचे आवरणही चिरतात. रक्तपुरवठा तुटल्यावर स्नायू साधारण सहा तास तग धरतात, असा ठोकताळा आहे.

हे सहा तास पेण-रोह्यासाठी जुने दुखणे. भातकापणीचा विळा, कोयता किंवा बैलाचे शिंग मांडीत घुसले, तर एकेकाळी मुंबई गाठायला धरमतरची लाँच, नाहीतर ठाण्याला वळसा. ठाणे खाडीवरचा वाशीचा पूल १९७३ साली झाला, रोह्याला रेल्वे १९८६ साली आली. या तारखा शल्यशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाहीत. इथल्या पायांच्या इतिहासात मात्र त्या कॅरेलच्या शेजारी बसतात. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका येते. तोवर जखम घट्ट दाबून धरायची, रुतलेले हत्यार उपसायचे नाही आणि हळद-चहापूड चोळण्यात वेळ दवडायचा नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. पण त्याच्या तोंडाशी पोहोचण्याआधी रोहेकराला नागोठणे, वडखळ, पेण पार करावे लागते, तेही २०११ साली रुंदीकरणाला घेतलेल्या आणि दशकभराहून अधिक काळ रखडलेल्या मुंबई-गोवा महामार्गाने.