दिनविशेष : ३० सप्टेंबर १९९३
पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी (ता. औसा) परिसर भूकंपाने हादरला. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेले, गावे गाढ झोपेत. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि माळवदाची जड माती अंगावर कोसळली. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसे गेली. लष्कर, स्वयंसेवक आले, त्यांचे मोल मोठेच. पण पहिले ढिगारे उपसले ते वाचलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, आणि त्यांची नोंद फारशी कुठे होत नाही. पुढे घरदुरुस्तीच्या कामात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केले. २००१ मध्ये कच्छ हादरले, तेव्हा इथल्याच काही जणी तिकडच्या बायकांना धीर द्यायला, घरबांधणीतला अनुभव सांगायला गुजरातेत गेल्या.