कृत्रिम खुबा आणि खेळाडू : वेदना थांबल्यानंतरचे बदल

ब्रिटनचा टेनिसपटू अँडी मरे याच्या उजव्या खुब्यावर जानेवारी २०१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने अँटवर्पची एकेरी स्पर्धा जिंकली. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकपर्यंत तो खेळत राहिला. धातूचा खुबा घेऊन मैदानात परतता येते, हे अशा उदाहरणांनी सिद्ध केले आहे. मात्र वेदना थांबली म्हणजे सांध्यातील घडामोडी थांबल्या, असे नव्हे. हाड जिवंत असते आणि नव्या परिस्थितीनुसार ते वर्षानुवर्षे बदलत राहते.

सांध्याची रचना

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचे गोल शीर्ष कटीच्या हाडातील खोबणीत फिरते. चालताना या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट, तर धावताना पाच पटींच्या आसपास भार येतो. संपूर्ण सांधेरोपणात हे शीर्ष काढून टाकले जाते. हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा रोवून त्यावर नवे शीर्ष बसवतात आणि खोबणीत वाटी बसवतात. सर जॉन चार्न्ले यांनी इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात १९६२ मध्ये ही पद्धत रूढ केली. मरेच्या बाबतीत 'रिसरफेसिंग' हा पर्याय निवडण्यात आला. त्यात शीर्ष राखून, ते तासून त्यावर धातूची टोपी चढवतात.

हाडाची झीज आणि जाडी

ज्या हाडावर भार पडतो ते बळकट होते आणि ज्याला काम उरत नाही ते विरळ होते. जर्मन शल्यविशारद यूलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेला हा नियम येथे तंतोतंत लागू पडतो. धातूचा दांडा हाडापेक्षा ताठ असल्याने वरचा भार तो स्वतःच पेलतो आणि खाली पोहोचवतो. परिणामी मांडीच्या हाडाचा वरचा भाग विरळ होतो, तर दांड्याच्या टोकापाशी हाड जाड होऊ शकते. हा बदल प्रामुख्याने पहिल्या एक-दोन वर्षांत घडतो. जोरात पडल्यास दांड्याभोवतीचे हाड मोडण्याचा धोका असतो आणि विरळ हाडात तो अधिक वाढतो.

रिसरफेसिंगमध्ये हाडाची घनता बऱ्याच अंशी टिकते. परंतु टोपीखालची मान काही रुग्णांत कालांतराने अरुंद होते आणि सुरुवातीच्या महिन्यांत ती मोडण्याची भीती असते.

सूक्ष्म कणांचा उपद्रव

सांध्याची झीज त्याच्या वयापेक्षा वापरावर अधिक अवलंबून असते. खेळाडूची पावले साहजिकच जास्त पडतात. प्लॅस्टिकच्या वाटीतून निघणारे सूक्ष्म कण शरीरातील भक्षक पेशी गिळतात. त्यातून उद्भवणाऱ्या दाहामुळे सभोवतालचे हाड पोखरले जाते आणि रोपण सैल होते. ही पोखरण पुष्कळदा वेदनेशिवाय चालू असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या अधिक टिकाऊ पॉलिएथिलीनमुळे हे प्रमाण बरेच घटले.

धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांतून कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरतात आणि काहींमध्ये भोवतालच्या मऊ ऊती नष्ट होतात. याच प्रकारातील 'एएसआर' हा सांधा डेप्यू कंपनीने २०१० मध्ये जगभरातून मागे घेतला. लहान मापाच्या सांध्यांत, आणि म्हणून स्त्रियांमध्ये, अशा अपयशाचे प्रमाण अधिक आढळले.

स्नायूंतील बदल

शस्त्रक्रियेपूर्वी दीर्घकाळ लंगडल्याने नितंबाचे स्नायू रोडावलेले असतात. नियमित व्यायामाने ताकद परतते, पण ती नेहमीच पूर्ण परतते असे नाही. काही रुग्णांच्या स्नायूंत नको तेथे हाड तयार होते आणि हालचाल आखडते.

मर्यादा कोणती?

अमेरिकेचा बो जॅक्सन हे याचे बोलके उदाहरण. १९९१ मध्ये फुटबॉलच्या सामन्यात दुखापत होऊन त्याच्या खुब्याचा रक्तपुरवठा खंडित झाला. १९९२ मध्ये सांधेरोपण झाल्यावर १९९३ मध्ये तो बेसबॉलमध्ये परतला. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात मात्र तो पुन्हा उतरला नाही. पोहणे, सायकल, चालणे, गोल्फ आणि टेनिसची दुहेरी यांना सर्वसाधारणपणे मुभा असते. उड्या आणि धक्काबुक्कीचे खेळ टाळावेत, असा सल्ला दिला जातो.

'लॅन्सेट'मधील २०१९ च्या विश्लेषणानुसार सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकतात. तिशी-चाळिशीत रोपण झालेल्या खेळाडूला म्हणूनच आयुष्यात दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता गृहीत धरावी लागते, आणि ती किती सुकर होईल हे शिल्लक राहिलेल्या हाडावर ठरते. यासाठी काहीही दुखत नसले तरी ठरावीक काळाने क्ष-किरण चित्र काढून ते शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या चित्राशी ताडून पाहणे आवश्यक असते. ते पहिले चित्र जपून ठेवणे, ही रुग्णाची स्वतःची जबाबदारी होय.