औषध मोफत, तरी सोबत हवी

एचआयव्हीचा संसर्ग पूर्णपणे बरा करणारा उपचार सर्वसामान्य रुग्णांसाठी अद्याप उपलब्ध नाही. मात्र अँटीरिट्रोव्हायरल औषधांनी, म्हणजेच ‘एआरटी’ने, विषाणूची वाढ रोखता येते आणि बाधित व्यक्ती दीर्घकाळ निरोगी आयुष्य जगू शकते. त्यासाठी औषधे रोज, ठरलेल्या वेळी आणि आयुष्यभर घ्यावी लागतात. हातावर पोट असलेल्या रुग्णांना हे पथ्य एकट्याने पाळणे अवघड जाते. घरातील वा बाहेरील माणसांचा आधार म्हणूनच उपचाराचा एक भाग मानला जातो.

मोफत उपचारांची सुरुवात

एकेकाळी या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. २००१ मध्ये मुंबईच्या ‘सिप्ला’ कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार स्वयंसेवी संस्थांना वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. १ एप्रिल २००४ पासून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने (नॅको) देशातील आठ सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू केली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते. रक्तातील सीडी-४ पेशींची संख्या कितीही असली, तरी निदान होताच उपचार देण्याचे धोरण २०१७ मध्ये स्वीकारण्यात आले.

नियमितता का हवी?

डोस वारंवार चुकल्यास रक्तातील औषधाचे प्रमाण घटते, विषाणू पुन्हा वाढू लागतो आणि औषधाला दाद न देणारे त्याचे प्रकार तयार होतात. मग अधिक महागड्या, दुसऱ्या फळीच्या औषधांकडे वळावे लागते. म्हणूनच ९५ टक्क्यांहून अधिक डोस घेतले जावेत, असे उद्दिष्ट ठेवले जाते. दिवसाला एक गोळी असेल, तर महिन्यात दोन डोस चुकले तरी हे उद्दिष्ट हुकते. एआरटी केंद्रात उरलेल्या गोळ्या मोजून नियमितता तपासतात.

अडसर कोणते?

औषध मोफत असले, तरी केंद्रापर्यंतच्या प्रवासाचे भाडे आणि बुडालेली मजुरी रुग्णालाच सोसावी लागते. ऊसतोडणीसाठी सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्या मजुरांचे नेहमीचे केंद्र दूर राहते. एका खोलीच्या घरात चारचौघांसमोर गोळी घेतली, की ‘कसल्या गोळ्या?’ हा प्रश्न ठरलेलाच. मग गोळ्या लपवल्या जातात आणि पाहुणे आले की डोस टळतो. पतीच्या निधनानंतर सासरी राहणाऱ्या स्त्रीला तर आजार उघड झाल्यास घरातून काढले जाण्याचीही धास्ती असते.

आधार कसा मिळतो?

उपचार सुरू करण्यापूर्वी समुपदेशक रुग्णाला विश्वासातील एखादी व्यक्ती सोबत आणण्यास सुचवतात. औषधाची आठवण करून देणे, तब्येत बरी नसताना केंद्रापर्यंत सोबत जाणे, त्या दिवशी मुलांना सांभाळणे ही या व्यक्तीची कामे. घरात असे कोणी नसल्यास स्वतः एचआयव्हीसह जगणारे कार्यकर्ते आणि त्यांचे आधारगट ही उणीव भरून काढतात. औषधाचा त्रास झाल्यास काय करावे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पात्र एचआयव्हीबाधितांचाही समावेश आहे.

मात्र आधार म्हणजे पहारा नव्हे. डोस चुकल्याबद्दल बोल लावले, तर रुग्ण पुढच्या वेळी खरे सांगत नाही, आणि चूक कळलीच नाही तर ती सुधारणार कशी? आजाराविषयी कोणाला सांगायचे, हे रुग्णानेच ठरवायचे असते. त्याच्या संमतीविना ही माहिती उघड करण्यास, तसेच नोकरी, शिक्षण वा निवाऱ्याबाबत भेदभाव करण्यास १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई केली आहे.

नियमित उपचारांनी रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. रोजच्या त्या एका गोळीमागे उभे राहणारे माणूस त्यामुळे रुग्णाइतकेच त्याच्या जोडीदाराचेही रक्षण करीत असते. माहिती व समुपदेशनासाठी नॅकोची १०९७ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.